झायगोचा माग: रस-कारखान्याच्या प्रयोगशाळेतला एक दिवस

सकाळी ६:३०

मे महिन्यात रत्नागिरीच्या आसपासच्या रस-कारखान्यात दिवस उजाडतो तो टेम्पोंच्या रांगेनं. पेटीतला आंबा वेगळा. हा कॅनिंगचा: आकारानं लहान, डागी, देठाशी चीक ओघळलेला, पण रस हापूसचाच. माझं काम आतल्या प्रयोगशाळेत आहे, तरी गेटवरून जाताना मी मुद्दाम क्रेटच्या रांगांमधून जाते. नाकाला पुष्कळ कळतं.

आज तिसऱ्या टेम्पोपाशी आंब्याच्या घमघमाटात वेगळाच तिखट वास मिसळलेला होता. इथाइल ॲसिटेटचा, नेलपॉलिशमध्ये असतं त्याचा. फुटक्या फळाच्या जखमेवर हान्सेनियास्पोरा नावाचं यीस्ट वाढलं की हा वास येतो.

"काका, खालचे क्रेट बघा हो, फळ फुटलंय."

"रात्रभर गाडीत होता माल, चेपलाच असणार," सुपरवायझर काका म्हणाले. "काढायला लावतो बाजूला."

या यीस्टची मला फारशी धास्ती नाही. पाश्चरायझरपर्यंत पोचलं तर तिथेच मरतं. बहुतेक यीस्टच्या वाढत्या पेशी ६५ ते ७० अंशांना काही मिनिटांत संपतात आणि आमचा रस ९० अंशांच्या पुढे जातो. मला भीती असते ती पाश्चरायझरच्या पलीकडे भेटणाऱ्या यीस्टची, आणि त्याहून जास्त, जिथे पाश्चरायझरच नाही तिथल्या यीस्टची.

सकाळी ७:१५

प्रयोगशाळेचं दार उघडलं की आधी सिलिका जेलचा रंग बघायचा. निळा असेल तर ठीक. गुलाबी दिसला तर दाणे ओव्हनमध्ये सुकवायला टाकायचे आणि दुसरी डबी बसवायची. हे सगळे लाड एफटीआयआरचे, म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचे. त्याच्या पोटात किरण दुभागणारी एक काच असते, ती पोटॅशियम ब्रोमाइडची. हा क्षार हवेतली ओल पितो आणि धुरकट होतो. कोकणातल्या हवेत असं यंत्र सांभाळायचं म्हणजे एसी रात्रंदिवस चालू, लाईट गेली तर इन्व्हर्टर, आणि दार उघडं टाकणाऱ्याला बोलणी.

यंत्र मुळात घेतलं पॅकिंगसाठी. अ‍ॅसेप्टिक पिशव्यांच्या प्लास्टिकचे थर पुरवठादार म्हणतो तेच आहेत का, हे तपासायला. यीस्ट ओळखायचं काम आम्ही त्याच्या गळ्यात नंतर बांधलं.

पॉलिस्टायरीनची पातळ फिल्म लावून रोजची तपासणी केली. १६०१ च्या जागी शिखर यायला हवं, आलं. हे आकडे तरंगसंख्येचे, एका सेंटीमीटरात किती लहरी मावतात त्याचे. मग नमुना ज्यावर ठेवतात त्या रिकाम्या स्फटिकाची पार्श्वभूमी घेतली. तेवढ्यात माझी मदतनीस यंत्रावर वाकून म्हणाली, "मॅडम, आज आठ बॅच आहेत." पडद्यावर २३५० पाशी लगेच जोडशिखर उभं राहिलं. तिच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड! तिनं जीभ चावली. पार्श्वभूमी पुन्हा घेतली.

सकाळी ८:१५

सॅम्पलची फेरी. आंबे धुतात त्या टाकीचं पाणी, पल्परखालचा रस, पाश्चरायझरनंतरचा नळ, ड्रम भरायचं फिलर. प्रत्येक ठिकाणी आधी नळाच्या तोंडाला स्पिरिट, मग ज्योत, मग बाटली. रसाचा ब्रिक्स आणि सामू जागेवरच बघून टाकला, त्यात आज सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं शेजारच्या शेडमध्ये आहे. तिथे अमृत कोकमची बाटली भरतात. आंब्याच्या रसाला उष्णता देता येते, कोकमला फार देता येत नाही. त्याचा लाल रंग ज्या अँथोसायनिनचा, ते तापलं की विटतं. म्हणून सिरपचा बचाव तीन गोष्टींवर: भरपूर साखर, मुळातला आंबटपणा आणि सोडियम बेंझोएट. बहुतेक जंतूंना एवढं पुरतं. पण झाकण लावल्यावर आत वाफ धरते, तिचे थेंब खाली उतरतात आणि सिरपचा अगदी वरचा थर पातळ होतो. साखरेत तग धरणाऱ्या यीस्टला सुरुवात करायला तेवढी जागा पुष्कळ झाली. कोकमची बाटली उघडताना 'फुस्स' झालेलं ज्यांनी ऐकलंय, त्यांनी या यीस्टचीच करामत ऐकलेली असते.

कोकम फिलरच्या सहाही नोझलचे स्वॅब घेतले. चार नंबरच्या नोझलची रबरी गॅस्केट कडेला चिरलेली दिसली. बोटानं दाबली तर चिरेतून चिकट लाल थेंब वर आला. त्याचा वेगळा स्वॅब घेतला.

सकाळी ९:३०

प्लेट वाचायची वेळ. यीस्ट-बुरशीच्या प्लेट २५ अंशांना पाच दिवस ठेवायच्या असतात आणि आज ज्यांचे पाच दिवस भरले त्या बाहेर काढल्या. आंब्याचा रस पातळ करून थेट प्लेटवर पसरवतो, कारण गाळायला गेलं तर फिल्टर लगेच तुंबतो. कोकम सिरप मात्र निर्जंतुक पाण्यात पातळ करून ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळता येतं आणि तो पडदाच प्लेटवर ठेवता येतो. याचं महत्त्व साध्या हिशोबात आहे. एका मिलीलिटरच्या तपासणीत शून्य आलं, तरी ७५० मिलीलिटरच्या बाटलीत शेकडो पेशी असू शकतात. जास्त सिरप गाळलं तरच त्या सापडायची आशा.

आज समोर दोन प्लेट शेजारीशेजारी आल्या. पहिली पल्परजवळच्या गटाराच्या कडेची: मोजता येणार नाहीत इतक्या कॉलनी. काही प्रवाळी गुलाबी, त्या ऱ्होडोटोरुलाच्या. बाकी पांढऱ्या, पसरट. दुसरी कोकम सिरपची: पडद्यावर जेमतेम पाच कॉलनी. मलईच्या रंगाच्या, गोल, गुळगुळीत, लहान. पहिली बघून कुणीही नाक मुरडेल आणि दुसरीला पास करून टाकेल.

दुसऱ्या प्लेटवर तिसऱ्या दिवशीच ठिपके दिसायला लागले होते. तेव्हाच त्यातले तीन उचलून नव्या माध्यमावर रेषा मारून ठेवल्या होत्या. ती शुद्ध वाढ आज दुपारी यंत्रावर जाईल.

सकाळी ११:००

सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर थेंब, त्यात मेथिलीन ब्लू. जिवंत पेशी हा रंग आत घेऊन बिनरंगी करून टाकते, मेलेली पेशी निळी राहते. कोकमच्या कॉलनीतल्या जवळजवळ सगळ्या पेशी बिनरंगी, म्हणजे जिवंत. लांबट गोल, अंगावर वेगवेगळ्या बाजूंनी कळ्या फुटलेल्या. बेकरीतलं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, असंच दिसतं. ज्याचा मला संशय आहे ते झायगोसॅकरोमायसिसही असंच. डोळ्यांनी इथून पुढे जाता येत नाही.

पूर्वी इथून पुढे ट्यूबची रांग लागायची. कुठली साखर आंबवतं, कुठली खातं, किती मिठात वाढतं, किती तापमानात. उत्तर येईपर्यंत आठवडे जात आणि माल दुकानांत पोचलेला असे.

दुपारी १२:००

उत्पादन विभागाच्या साहेबांचा फोन. पहिला प्रश्न नेहमीचाच, "किती आलेत?"

"गटाराकडे भरपूर. कोकममध्ये पाच."

"मग गटाराची साफसफाई लावू. कोकमची गाडी संध्याकाळी भरायची आहे, सोडू ना?"

"संध्याकाळपर्यंत थांबा, सर."

"अहो, पाचच तर आहेत! आणि बेंझोएट आहे की त्यात."

"कोण आहेत ते बघते आधी."

एक हुंकार आला आणि फोन बंद झाला. साहेबांचं तरी काय चुकलं? बहुतेक जंतूंच्या बाबतीत आकडाच बोलतो. नियमही आकड्यात लिहिलेले असतात. पण यीस्टमध्ये जातीला आकड्याइतकंच, कधी त्याहून जास्त वजन असतं. ब्रिटिश सूक्ष्मजीवतज्ज्ञ डेव्हनपोर्ट यांनी १९९० च्या दशकात शीतपेयांच्या कारखान्यांतल्या यीस्टचे चार गट पाडले. पहिल्या गटात पेयात राहायला पूर्ण सरावलेली, प्रिझर्व्हेटिव्हला न जुमानणारी. दुसऱ्यात, बनवण्यात काही चूक झाली तरच माल नासवणारी. तिसऱ्यात, फक्त अस्वच्छतेची खूण असलेली. चौथ्यात, परिसरातून उगाच आलेली पाहुणी. तिसऱ्या गटाची हजार निघाली तर फरशी धुवायची. पहिल्या गटातलं एक निघालं तर लाइन थांबवायची.

झायगोसॅकरोमायसिस बायली पहिल्या गटातलं. बेंझोइक आणि सॉर्बिक आम्लाला दाद देत नाही, आंबटपणाला भीत नाही, ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजवर आधी तुटून पडतं. बाटलीत एक जिवंत पेशी शिरली तरी पुरेसा वेळ मिळाल्यावर बाटली नासू शकते. वायू इतका कोंडतो की काचेच्या बाटल्या फुटतात.

दुपारी १:१५

डबा. मदतनीसनं विचारलं, "मॅडम, यंत्र इतकं हुशार आहे तर सिरपचा थेंबच का नाही ठेवत त्याच्यावर? पाच दिवस थांबायचंच कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशोबात आहे. सिरप तर सोडाच, आंब्याच्या रसातही मिलीलिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या वर साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ असतात. यीस्टची एक पेशी वाळल्यावर वीस-तीस पिकोग्रॅम भरते. मिलीलिटरमध्ये दहा लाख पेशी असल्या तरी त्यांचं सगळ्यांचं वजन एका मिलिग्रॅमच्या तीन शतांशाहून जास्त नाही. तोवर पेय बहुधा फसफसायलाही लागलेलं असतं. म्हणजे साखरेचा आवाज यीस्टच्या हजारो पट मोठा, आणि दोघांची शिखरं येतात एकाच पट्ट्यात, ९०० ते १२०० च्या दरम्यान. पाण्याचं मोठं शिखर १६४० पाशी, ते नेमकं यीस्टच्या प्रथिनांवर बसतं. मांडवात वाजंत्री चालू असताना कोपऱ्यातली कुजबुज ऐकण्यातला प्रकार. कुजबुज ऐकायची तर माणसाला बाहेर न्यावं लागतं. प्लेटवर वाढवणं, धुणं, वाळवणं हे सगळं त्याचसाठी.

"आणि रामन?" ती अलीकडेच पदवीधर झालीय, तिला सगळं ताजं आठवतं. १९२८ मध्ये कोलकात्यात सापडलेला रामन परिणाम या कामाला खरंच सोयीचा आहे. त्यात पाणी फारसं बोलत नाही आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलं तर एकेका पेशीचा वर्णपट घेता येतो. पण हिरव्या लेझरखाली आंब्यातलं बीटा-कॅरोटीन ११५७ आणि १५२० च्या आसपास इतक्या जोरात चमकतं की बाकीचं झाकोळतं. तिथेही पेशी रसातून बाहेर काढून धुवाव्याच लागतात. आणि तसं यंत्र आमच्याकडे नाही.

दुपारी २:००

दिवसातलं खरं काम आता.

कोकमच्या तिन्ही शुद्ध वाढी आणि गटाराकडच्या गुलाबी यीस्टची वाढ बाहेर काढल्या, सोबत ओळखीच्या जातींच्या प्लेट. त्या आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवसंग्रहातून, एनसीआयएममधून मागवलेल्या नमुन्यांपासून वाढवतो. सगळ्या एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला, तितकेच तास वाढलेल्या. यात सूट नाही. तेच यीस्ट दुसऱ्या माध्यमावर वाढवलं किंवा एक दिवस जास्त ठेवलं तर त्याच्यातली चरबी आणि साठवलेली साखर बदलते, आणि वर्णपट वेगळ्याच यीस्टचा वाटायला लागतो.

निर्जंतुक लूपनं थोडी वाढ उचलून ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळली. सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी ओतून टाकलं, पुन्हा पाणी, पुन्हा सेंट्रिफ्यूज. माध्यमातली साखर जराही चिकटून राहता कामा नये. शेवटी तळाशी उरलेल्या पांढऱ्या लगद्यातला छोटासा थेंब हिऱ्याच्या स्फटिकावर ठेवला. स्फटिक तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नाही. थेंब कडेपासून वाळत आत येतो. आधी कडेला फिकट पांढरी रेघ उमटते, मग मधली चमक विझते. पडद्यावर चालू वर्णपटात १६४० चं पाण्याचं पसरट शिखर बसत जातं आणि त्याच्या आतून १६५० आणि १५५० ची प्रथिनांची दोन टोकं वर येतात. ती स्थिर झाली की थेंब वाळला. पंख्यानं घाई केली तर थर तडकतो, आणि तडकलेल्या थरातून जो वर्णपट येतो तो पुन्हा जुळत नाही.

इथली गंमत अशी, की या पद्धतीत किरण स्फटिकातून बाहेर पडून नमुन्यात फक्त एक-दोन मायक्रॉन शिरतो. यीस्टची पेशी साधारण पाच मायक्रॉनची. म्हणजे दिसतं ते मुख्यतः स्फटिकाला टेकलेलं अंग, पेशीची भिंत. आणि आपल्याला तेच हवंय. भिंतीत ग्लुकन, मॅनन आणि थोडं कायटिन असतं, त्यांचं प्रमाण आणि जोडणी जातीगणिक बदलते. ९०० ते १२०० मधली खाचाखोच तिथून येते.

६४ स्कॅन, साधारण मिनिटभर. प्रत्येक वाढीचे तीन-तीन थेंब. दोन थेंबांमध्ये स्फटिक पुसायचा, अल्कोहोल, पाणी, कोरडा कागद. मदतनीस आता श्वास रोखून उभी राहते.

दुपारी ३:३०

संगणकावर वर्णपट एकावर एक टाकले तर सगळे सारखेच दिसतात. यीस्ट म्हणजे शेवटी प्रथिनं, चरबी, शर्करा आणि पाणी. फरक काढायला दुसरा अवकलज घ्यावा लागतो, त्यानं शिखरांच्या खांद्यांवर लपलेल्या लहान लहान वळणांना धार येते. मग थराच्या जाडीचा फरक जावा म्हणून सगळे एका मापात आणायचे, आणि मग कोण कुणाच्या जवळ हे गणितानं काढायचं.

ही वाट नवी नाही. बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेतल्या डीटर नाउमान आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की अवरक्त वर्णपटावरून सूक्ष्मजीव ओळखता येतात. अन्नातल्या यीस्टसाठी १९९८ मध्ये म्युनिक तांत्रिक विद्यापीठाच्या व्हायन्स्टेफान इथल्या गटानं ३३२ नमुन्यांचा वर्णपटसंग्रह केला, आणि त्यात नसलेली ७२२ यीस्ट त्याच्याशी ताडून पाहिली. ९७.५ टक्के बरोबर ओळखली गेली. आकडा भारी आहे, पण त्यातला खरा धडा ३३२ मध्ये आहे. संग्रह जेवढा, तेवढीच ओळख. जे यीस्ट संग्रहात नाही त्यालाही यंत्र जवळचं कुणाचं तरी नाव देऊन मोकळं होतं. म्हणून नावाआधी अंतर बघायचं.

पडद्यावर झाड तयार झालं. गटाराकडचं गुलाबी यीस्ट ऱ्होडोटोरुलाच्या फांदीवर जाऊन बसलं. कोकमचे तिन्ही नमुने एकमेकांना चिकटून आले, म्हणजे एकाच घराण्यातले, आणि गेले झायगोसॅकरोमायसिस बायलीच्या फांदीवर. सॅकरोमायसिसपासून लांब. अंतर आमच्या मर्यादेच्या आत. शेजारच्या फांदीवर त्याचंच भावंड, झायगोसॅकरोमायसिस रौक्सी, साखरेच्या पाकात राहणारं. दोघांतला फरक बारीक आहे. म्हणून एक नमुना डीएनए तपासणीला पाठवायच्या डब्यात भरला. पण दोघांपैकी कुणीही असलं तरी आजचा निर्णय बदलत नाही.

संध्याकाळी ४:३०

साहेबांच्या केबिनमध्ये मी, काका आणि मेंटेनन्सचे दादा. टेबलावर दोन्ही प्लेट ठेवल्या.

"ही मोठी गर्दी तिसऱ्या गटातली, सर. फरशी धुतली, गटाराला झाकण लावलं की संपलं. हे पाच झायगो आहेत."

झायगो म्हटल्यावर काका खुर्चीत सरळ बसले. त्यांनी फुटलेल्या बाटल्या पाहिल्यात.

"पण बेंझोएट?" साहेब.

"तेच तर याला चालतं. वाढवलं तरी थांबायचं नाही, आणि नियमाबाहेर आपण वाढवू शकत नाही."

"आलं कुठून मग? साखर, कोकम, पाणी?"

"तिन्हीचे नमुने चालू आहेत. पण चार नंबरच्या नोझलची गॅस्केट चिरलीय, आत जुनं सिरप अडकलंय. त्या नोझलखालच्या प्रत्येक बाटलीला तिथून थोडं थोडं जात असेल."

मेंटेनन्सचे दादा म्हणाले, "गॅस्केट बदलू. पण सगळ्याच बदलू या, एक चिरली म्हणजे बाकीच्यांचंही वय झालंय."

साहेबांनी थोडा वेळ प्लेटकडे बघितलं. गाडी थांबवायची म्हणजे व्यापाऱ्याला फोन, आणि मे महिन्यात गाडी सहज मिळत नाही. पण त्यांनी फोन उचलला.

ठरलं ते असं. त्या लाइनवर गेल्या धुण्यानंतर भरलेलं सगळं सिरप होल्डवर. बाटल्या सावलीत, खोक्यातच, आणि तोंडासमोर धरून कुणी उघडायची नाही. फिलर पूर्ण खोलून सगळ्या गॅस्केट नव्या, गरम कॉस्टिक, मग गरम पाणी. त्यानंतरचे स्वॅब स्वच्छ आल्याशिवाय लाइन सुरू नाही. होल्डवरच्या बाटल्यांतून वेगवेगळ्या वेळेच्या निवडून उबेत ठेवायच्या. चार नंबरच्या बाटल्या वेगळ्या ओळखता येतात का, हे काका रजिस्टरवरून बघणार.

"आणि हे यंत्र उद्या सांगेल का माल सोडायचा की नाही?" साहेबांनी निघताना विचारलं.

"नाही सर. ते कोण आहे सांगतं. आहे की नाही, हे बाटल्याच सांगतील, आणि त्यांना दिवस लागतात."

संध्याकाळी ६:००

फिलर खोललेलं आहे. चार नंबरच्या गॅस्केटच्या चिरेतला लाल चिकटा खरवडून घेतला आणि माध्यमावर रेषा मारल्या. तो बाटलीतल्याच घराण्याचा निघाला तर वाट सिद्ध होईल. नाही निघाला तर साखरेच्या गोणीकडे जावं लागेल.

आजचे तिन्ही वर्णपट संग्रहात घातले, पण 'तात्पुरते' या खणात. डीएनएचं उत्तर आल्याशिवाय त्यांना नाव द्यायचं नाही. एकदा चुकीच्या नावानं वर्णपट आत गेला तर पुढचा प्रत्येक पाहुणा त्याच चुकीच्या नावानं ओळखला जाईल.

रात्रपाळीच्या वहीत लिहिलं: कोकम लाइन बंद, मायक्रोच्या सहीशिवाय सुरू करू नये. उबवणीच्या खोलीत तापमान दोन तासांनी लिहावे. प्रयोगशाळेचा एसी बंद करू नये. गटार धुवून झाले की सही करावी. स्वॅब लागणार नाही.

शेवटची ओळ वाचून रात्रपाळीचा केमिस्ट म्हणाला, "एवढ्या कॉलनी आल्या तिथे स्वॅब नको, आणि पाच आल्या तिथे सहाही नोझलचे?"

"हो," म्हटलं, "आणि कोकमचे फिल्टर मोठे घे. झायगो कमी असतील तेव्हाच सापडायला हवेत."